ससा रवंथ करत नाही

सशांना ओल चालत नाही. पिंजरा जमिनीपासून हातभर वर हवा, खालून हवा खेळती हवी, वरचा पत्रा चारी बाजूंनी वीतभर पुढे आलेला हवा. ओला पाला पसरून त्यातलं पाणी झडल्याशिवाय द्यायचा नाही, वाळलेलं गवत दिवसभर समोर हवं, आणि रोज, अगदी रोज, त्यांना उचलून पोटाखाली, शेपटीखाली बघायचं. हे मला आता इतकं पाठ आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मी शिकवते त्या शाळेतल्या एक बाई कौतुकानं म्हणतात, तुम्ही तर डॉक्टरच झालात. मला त्या कौतुकाचा राग येतो. दोन ससे होते तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं, आणि आता एकच उरला आहे.

ससे तसे माझे नव्हतेच. ते आण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे.

आण्णांचं सगळं आयुष्य जनावरांत गेलं. शेळ्या, बैल, दोन म्हशी, आणि वर दुसऱ्यांची आजारी जनावरं. आसपासच्या वाड्या-वस्त्यांत कुणाचा बैल बसला, कुणाच्या गाईनं चारा टाकला, की डॉक्टरला फोन करायच्या आधी माणूस आमच्या दारात यायचा. आण्णा जायचे, जनावरापासून दोन पावलं लांब उभे राहायचे आणि बराच वेळ नुसते बघायचे. त्यांची पहिली परीक्षा ठरलेली होती, रवंथ. जनावर रवंथ करत असेल तर ते जगणार, मग बाकी काही का असेना. "तोंड हालतंय न्हवं? मग घोर करू नका," असं म्हणून चहासुद्धा न घेता ते परत यायचे. आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं व्हायचं.

मी सासर सोडून कायमची परत आले, तेव्हा त्यांनी मला 'काहून आलीस' एवढंसुद्धा विचारलं नाही. दोन पावलं लांब उभं राहून बराच वेळ बघितलं आणि आईला म्हणाले, "तिला जेवाय वाढ." त्या दिवसापासून आण्णांच्या नजरेवर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. आई दर चतुर्थीला लिंबागणेशच्या गणपतीला जायची, मी घरीच असायचे.

मग आण्णांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, एका सकाळीत तिन्ही गेली. आई गुडघ्यांनी बेजार, मी दिवसभर शाळेत, म्हणून जनावरं विकावी लागली. गोठा रिकामा झाला त्या दिवशी आण्णांनी भिंतीकडं तोंड केलं. बीडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना बोलतं ठेवा. बोलले तर जीभ सुटेल, नाही बोलले तर उरलंय तेही जाईल. बोलतं ठेवा म्हणे! आमच्या घरात माणसं तीन, आण्णांना बोलतं करणारा विषय एकच, गोठ्यातला, आणि तोच बंद पडलेला. आई त्यांना देवाधर्माचं सांगायची, मी शाळेतलं सांगायचे, ते आढ्याकडं बघत पडायचे. चार महिन्यांत 'अं' सोडून त्यांच्या तोंडून काही निघालं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला गेवराईला मामांच्या मुलीचं लग्न होतं. परतताना हायवेवर वाळूच्या हायवा ट्रकांच्या रांगेत आमची गाडी अडकली. रस्त्याकडेला एक माणूस जाळीच्या खोक्यात ससे घेऊन बसला होता. आण्णांनी काचेवर डाव्या हाताचं बोट टेकवलं.

"त्ये घे."

दोन शब्द, तेही बोबडे. आई गाडीतच रडायला लागली. मी घासाघीस न करता दोन ससे घेतले, एक पांढरी आणि एक करडी. दोन्ही माद्या आहेत असं विकणारा छातीवर हात ठेवून सांगत होता, आणि नवल म्हणजे ते खरं निघालं.

त्यांचं घर कसं करायचं ते आण्णांनी सांगितलं. सांगितलं म्हणजे मी टिकाव मारायचा आणि त्यांनी खुर्चीतून म्हणायचं, "आजून. आजून खोल." गोठ्याच्या मागं लिंबाच्या सावलीत मी गुडघ्याच्याही वर येईल एवढा खड्डा खणला. कडेनं विटा लावल्या, तळाला मुरूम दाबला, वर जाळीचं झाकण केलं आणि झाकणावर ओली पोती टाकली. तळहाताला फोड आले. आई म्हणाली, "गडी लावायचा की!" पण गडी लावला असता तर आण्णा त्याच्याशी बोलले नसते.

आमच्याकडचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. बीडला माझ्या मैत्रिणीच्या मुलीनं गच्चीवर ससे पाळले होते, ते चैत्रातच गेले. आमचे ससे खड्ड्याच्या गारव्यात पाय पसरून झोपायचे. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा त्यांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. दिवसभर ते खड्ड्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायला लागले. "पानी बदल." "पांढरी भित्री हाय." "करडी लई खादाड हाय, तुझ्या आईवानी." आई लटक्या रागानं म्हणायची, "मुकं व्हतं तेच बरं व्हतं!" मृग लागेपर्यंत आण्णा अख्खं वाक्य बोलत होते. मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

त्या वर्षी पाऊस थांबलाच नाही.

आम्ही टँकरमागं घागरी घेऊन धावलेली माणसं. पाऊस पुरे म्हणायला आमची जीभ वळत नाही, पाप लागेल असं वाटतं. कापसाची पानं लाल पडली, शेतं चिबडली, पाय टाकला की घोटाभर चिखल. तरी लोक आधी 'पाऊस चांगला हाय' म्हणायचे आणि मग हळूच 'पण...' म्हणायचे. कपिलधारचा धबधबा कसा कोसळतोय याचे फोटो रोज मोबाईलवर यायचे. जो तो गाडी काढून तिकडं पळत होता. मला त्या फोटोंचा संताप यायचा, कारण आमच्या खड्ड्याच्या विटांमधून पाणी झिरपायला लागलं होतं.

वरून ताडपत्री बांधली होती, त्यामुळे पाऊस आत येत नव्हता. पण ओल खालून येत होती. मी सकाळी तुरीचं कोरडं भुसकट टाकायचे, संध्याकाळी शाळेतून येऊन हात घातला की ते गार आणि दमट लागायचं. ताडपत्रीनं हवा कोंडायची, मुताचा वास डोळ्यांना झोंबायचा. चुलीतली राख टाकून बघितली, तिचा चिखल झाला.

"आण्णा, ससे वर घेऊ का? गोठ्यात ठेवू. रिकामाच हाय."

आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांनाच घराबाहेर काढत होते. "पान्यानं मेलंय का कुनी आपल्याकडं? उनानं मरत्यात."

"पण ओल लई हाय."

"घर हाय त्यांचं. ऱ्हाऊ दे."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. 'उनानं मरत्यात', 'घर हाय त्यांचं', किती स्पष्ट बोलले होते ते! माणूस वाद घालतोय म्हणजे माणूस परत आलाय. सशांच्या पायाखालची ओल मला दिसत होती, पण त्यांचा शब्द मोडला तर तो परत उमटणार नाही अशी भीती होती. आपलेच दात, आपलेच ओठ. मी आणखी भुसकट टाकलं.

त्यात हिरवळ माजली होती. बांधाला, ओढ्याला, अगदी उंबऱ्याजवळसुद्धा गवत. आमच्याकडं हिरवं म्हणजे दौलत. जनावरापुढं हिरवं टाकलं की माणसाचं काळीज थंड होतं. आई रोज पदर भरून ओलं गवत आणायची. "खाऊ द्या गं, हिरवं हाय तवर. पुढं कुठलं?" पानापानातून पाणी गळत असायचं. आण्णा डाव्या हातानं 'टाक, टाक' करायचे आणि मी टाकायचे. करडी हावरट, तिला वाळलेलं भुसकटही चालायचं. पांढरी मात्र नुसतं कोवळं हिरवं निवडून खायची, आणि ते बघून आम्हा तिघांनाही बरं वाटायचं.

एका सकाळी पांढरी कोपऱ्यात पाठीला बाक काढून बसलेली दिसली. पुढं टाकलेलं गवत तसंच होतं. डोळे अर्धे मिटलेले. तोंड मात्र बारीक बारीक हलत होतं, इकडून तिकडं, इकडून तिकडं. मी आण्णांना खड्ड्यापाशी आणलं. छत्री धरून उभी राहिले. त्यांनी बराच वेळ बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, लहानपणी दुसऱ्यांच्या गोठ्यात बघायचे तशी.

"रवंथ करतीया," आण्णा म्हणाले. "घोर करू नको."

केवढी हलकी झाले मी! आजारपणाआधीचे आण्णा, तोच आवाज, तेच शब्द. त्या दिवशी शाळेत मी पोरांवर एकदाही ओरडले नाही. दुसऱ्या दिवशीही पांढरी तशीच बसलेली होती, तोंड हलत होतं. "आजून रवंथ चालूच हाय," आण्णा म्हणाले, आणि मी पुन्हा शाळेत गेले. माझ्या खिशात मोबाईल होता. त्यात जगातलं सगळं सापडतं. मी एकदाही बघितलं नाही, कारण ज्या माणसाचं गावानं चाळीस वर्षं ऐकलं त्याच्यावर मी मोबाईलवरचं तपासायला बसणार? आणि तेही तो पुन्हा बोलायला लागला असताना?

तिसऱ्या दिवशी माश्या दिसल्या. पांढरीच्या मागच्या बाजूला घोंगावत होत्या. मी तिला पहिल्यांदाच नीट उचललं. ती वजनालाच उरली नव्हती. पोटाखालची लोकर ओली, पिवळी, चिकटलेली. मग शेपटीखाली बघितलं. अळ्या पडल्या होत्या. मी तिला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं, स्कूटीला लावलं आणि पावसातच जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर तरुण होते. "मी म्हशी-बैलांचा माणूस, ताई," असं म्हणत त्यांनी पिशवी उघडली. कान चाचपले. पोट दाबून बघितलं, ते फुगून टणक झालं होतं. किती दिवसांपासून खात नाही, विचारलं.

"तीन दिवस. पण रवंथ करत व्हती," मी म्हणाले. आण्णांचंच वाक्य, त्यांच्याच खात्रीनं.

डॉक्टरांनी मान वर केली. "ससा रवंथ करत नाही, ताई. गाई-म्हशीसारखं त्याचं पोटच नसतं. पोटात कळ आली की तो दात दातावर घासतो. ओरडत नाही, नुसते दात घासतो. तुम्ही बघितलंत ते दुखणं होतं."

त्यांनी सुई दिली, अळ्या काढायला घेतल्या. पण पांढरी टेबलावरच गेली. एकदा मागचे पाय ताणले आणि गेली. आवाज म्हणून काही केला नाही.

स्कूटीवरून परत येताना पाऊस तोंडावर मारत होता आणि मला एकच दिसत होतं, तीन दिवस ते तोंड हलतंय, हलतंय, आणि आम्ही वरून बघून समाधानानं चहा प्यायला जातोय. घरी पोचले तेव्हा आण्णा पडवीत खुर्चीवर होते. वाटच बघत होते.

"काय म्हन्ला डाक्टर?"

मी आधी स्कूटी लावायची होती. आधी केस पुसायचे होते, पाणी प्यायचं होतं. तेवढ्यात जीभ थंड झाली असती. पण आमचं म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला. या जिभेपायी सासर गेलं, तरी ती सुधारली नाही.

"म्हन्ला, सशाला रवंथ नसतंय! तीन दिवस कळा खात व्हती ती, आन् तुमी रवंथ रवंथ करत बसला! काय कळतंय तुमाला जनावरातलं? तुमच्या खड्ड्यानं आन् तुमच्या शानपनानं मारलं तिला!"

आईनं तोंडावर हात ठेवला. आण्णांनी डावा हात पुढं केला, मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि बराच वेळ बघितलं. मग उजवा, मेलेला हात डाव्या हातानं उचलून त्यांनी तो पांढरीच्या पाठीवर ठेवला. मला तिथंच मरून जावंसं वाटलं. पण माफी मागायची सोडून मी दण दण पावलं आपटत आत गेले.

खड्डा त्यांनी सांगितला होता, पण खणला मी. गवत आईनं आणलं होतं, पण आत टाकलं मी. शेपटीखाली तीन दिवस हात घातला नाही तोही मीच. आण्णांनी दोन पावलं लांबून बघितलं, कारण त्यांना वाकता येत नव्हतं. मला येत होतं. हा हिशेब मला त्याच संध्याकाळी कळला होता, पण तोपर्यंत सगळं त्यांच्या पदरात टाकून मी मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी करडीला वर काढलं. गोठ्यात जुन्या लोखंडी खाटेवर पिंजरा केला, खालून पट्ट्या, वरून पत्रा, वाऱ्याच्या बाजूला फळी. "बैल गेला आन् झोपा केला," आई पुटपुटली. तिला कुणाला दुखवायचं नव्हतं, तिच्या तोंडून म्हणी आपोआपच निघतात. करडीच्या तळपायांची लोकर ओलीनं झडली होती, तिथं रोज मलम लावलं. गवत दोरीवर वाळत घालून दिलं. पोटाखाली ओलसर लागलं की टॉवेलनं कोरडं केलं. मोबाईलवर वाचलं, डॉक्टरांना विचारलं, वहीत लिहून ठेवलं. करडी सुधारली.

आण्णा बोलायचे थांबले. रागावले असते तर मी समजू शकले असते. रागाचं काही चिन्हच नव्हतं. मी भाकरी चुरून दिली की खायचे, औषध घ्यायचे, अंघोळीला उठायचे. खुर्ची पिंजऱ्यापुढं नेली की तिथं बसायचे. मी विचारायचे, "आण्णा, करडीला गाजराचा पाला देऊ का?" ते बोट माझ्याकडं करायचे. "आण्णा, पत्रा आणखी पुढं घेऊ का?" पुन्हा बोट माझ्याकडं. एके दिवशी मी त्यांच्या पायाशी बसून म्हणाले, "माझं चुकलं. मी तसं बोलायला नको व्हतं." त्यांनी मान हलवली. ती 'असू दे' म्हणून होती की 'खरंच होतं ते' म्हणून, मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. बीडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सराव का थांबवलात? येत होतं ना बोलायला." मी म्हणाले, पावसापाण्याचे दिवस होते.

दसरा गेल्यावर पाऊस उघडला. गावात जनावरांना लसी द्यायला तेच तरुण डॉक्टर आले होते. आठवणीनं आमच्याकडं वळले. करडीला उचलून त्यांनी पाय बघितले, कान बघितले, लोकर फुंकून बघितली.

"एकदम झकास. असल्या पावसात ससा एवढा चांगला राखला! कोण बघतं हिचं?"

आण्णा शेजारीच खुर्चीवर होते. मला वाटलं, आता म्हणावं. आता दिलं पाहिजे परत. मी म्हणाले, "आमचे आण्णा बघतात. त्यांना जनावरं लई कळतात."

आण्णांनी मान वळवली. त्यांचे ओठ हलायला लागले. आई दारात धान्य पाखडत होती, तिनं सूप खाली ठेवलं. एकेक शब्द यायला वेळ लागत होता, पण प्रत्येक शब्द कळत होता.

"न्हाई. समदं तीच बघती. मला जनावरातलं काय कळत न्हाई."

"असं कसं, बाबा!" डॉक्टर मोठ्यानं हसले. "केवढा मोठेपणा तुमचा!" त्यांनी आण्णांच्या खांद्यावर थोपटलं, बॅग उचलली आणि पुढच्या घराकडं गेले.

आई धावत आली. तिनं दोन्ही हातांनी माझा दंड धरला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "आगं, बोलले! अख्खं बोलले! ऐकलंस का गं माय?"

"ऐकलं," मी म्हणाले.